मायकच्या प्रवर्तकातील चौपदरी गाठ : बंद करणारी की चालू ठेवणारी?

प्रकरण काय आहे

मानवी आठव्या गुणसूत्रावर मायक नावाचे जनुक आहे. त्याचे प्रतिलेखन, म्हणजे आरएनए प्रत बनणे, जेथून सुरू होते, त्या पी१ या आरंभबिंदूच्या १४२ ते ११५ अक्षरे आधी प्रवर्तकात, म्हणजे जनुक कधी व किती चालावे हे ठरवणाऱ्या भागात, डीएनएचा २७ अक्षरांचा एक छोटा पट्टा आहे. डीएनए कापणारी विकरे या पट्ट्यावर शेजारच्या भागापेक्षा लवकर तुटून पडतात, आणि त्यावरून तेथील दुहेरी सर्पिल इतर ठिकाणांसारखे घट्ट बसलेले नसावे, हे संशोधकांच्या लक्षात आले होते. मायकच्या एकूण प्रतिलेखनापैकी ८५ ते ९० टक्के या पट्ट्यावर अवलंबून असते, असे संशोधन-साहित्यात मांडले गेले आहे. या पट्ट्यातला डीएनए दुहेरी सर्पिलाचा आकार सोडून चौपदरी गाठीचा आकार घेऊ शकतो. २००२ पासून सुमारे वीस वर्षे बहुतेकांचे मत असे होते की ही गाठ बसली की मायक बंद पडते. म्हणून गाठ पक्की करणारे औषध सापडले की कर्करोगावर एक नवा उपाय हाती येईल. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हे मत जवळजवळ उलटे केले. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले, कोणता पुरावा टिकला आणि कोणता टिकला नाही, हे येथे तपासायचे आहे.

मायकच का, हे आधी सांगितले पाहिजे. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीची वाढ आणि विभाजन यांच्याशी संबंधित असंख्य जनुकांना चालना देते. निरोगी पेशीत ते मोजकेच बनते आणि सुमारे अर्ध्या तासात निम्मे नष्टही होते, त्यामुळे पेशीला त्याची पातळी वेगाने वरखाली करता येते. बर्किट लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगात आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्या गुणसूत्राला जाऊन जोडला जातो, मायक प्रतिपिंडांच्या जनुकांच्या शेजारी येते आणि मग ते थांबेनासे होते. इतर अनेक कर्करोगांतही त्याची पातळी वाढलेली आढळते. इतके स्पष्ट लक्ष्य असूनही त्यावर थेट औषध बनवणे अवघड गेले, कारण मायकचे प्रथिन एकटे असताना निश्चित आकार धरत नाही आणि औषधाचा रेणू जेथे घट्ट बसावा अशी खोल खाच त्यात नाही. प्रथिनाला आकार नाही, पण त्याच्या जनुकाच्या दाराशी असलेल्या डीएनएला मात्र अगदी ठरावीक आकार आहे, आणि या विरोधाभासामुळेच औषधशास्त्रज्ञ त्या २७ अक्षरांकडे वळले.

पट्ट्याची घडण

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन या अक्षराचे रेणू एकमेकांशी विचित्र पद्धतीने जुळतात, हे डीएनएचे दुहेरी सर्पिल माहीत होण्याच्याही आधी दिसले होते. ग्वानिलिक आम्लाचे संपृक्त द्रावण जेलीसारखे घट्ट होते, अशी नोंद १९१० मध्येच झाली होती. त्याचे कारण १९६२ मध्ये गेलर्ट, लिपसेट आणि डेव्हिस यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले: चार ग्वानिन एका सपाट चौकटीत बसतात आणि प्रत्येक ग्वानिन दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी बांधलेला असतो, असे एका चौकटीत आठ बंध होतात. वॉटसन आणि क्रिक यांच्या जोड्यांत ग्वानिनची जी कड वापरली जाते, तिच्याशिवाय दुसरी कडही येथे कामाला येते. चौकटीच्या मध्यभागी चार ऑक्सिजन अणू तोंडाशी तोंड करून येतात आणि त्यांचे ऋण प्रभार एकमेकांना ढकलू पाहतात. दोन चौकटींच्या मध्ये एक पोटॅशियम आयन बसला, तर वरचे चार आणि खालचे चार असे आठ ऑक्सिजन तो सांभाळतो आणि रचना स्थिर होते. सोडियम हे काम कमी प्रमाणात करतो, लिथियम जवळजवळ करतच नाही. पेशीच्या आत पोटॅशियमच भरपूर असतो, ही या गाठीच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे.

मायकच्या पट्ट्यात एका पदरावर तीन किंवा चार ग्वानिनचे एकूण पाच गट ओळीने येतात. गाठीला चारच गट लागतात. त्यामुळे गटांची निवड बदलून एकापेक्षा जास्त प्रकारच्या गाठी बसू शकतात, आणि त्यांपैकी एक प्रकार बाकीच्यांपेक्षा अधिक स्थिर आहे. तीन चौकटी एकावर एक, त्यांच्या मध्ये दोन पोटॅशियम आयन, आणि एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीकडे नेणारे एक, दोन आणि एक अक्षरांचे तीन लहान वळसे असा तिचा आकार आहे. चारही बाजू एकाच दिशेने धावतात. २००२ मधल्या पहिल्या आराखड्यात या दिशा उलटसुलट दाखवल्या होत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत चुंबकीय अनुस्पंदनाच्या अभ्यासांनी ती चूक दुरुस्त केली. ही दुरुस्ती बारीक वाटेल, पण औषध ज्या पृष्ठभागावर बसवायचे त्याचा आकारच तिने बदलला.

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. गुणसूत्रातला डीएनए दुहेरी असतो, ग्वानिनचा पदर समोरच्या सायटोसिनच्या पदराला बांधलेला असतो, मग तो सुटून गाठ बसायला वाव कसा मिळतो? उत्तर पिळात आहे. दोन पेडांच्या दोरीच्या मध्ये काडी घालून ती पुढे सरकवली, तर काडीच्या पुढे पीळ दाटतो आणि मागे उकलतो. प्रतिलेखन करणारे विकर डीएनएवर पुढे सरकते तेव्हा नेमके हेच घडते. १९८७ मध्ये लिऊ आणि वांग यांनी ही कल्पना मांडली, आणि डेव्हिड लेव्हन्स यांच्या गटाने पुढे मायकच्या बाबतीत दाखवले की असा उकललेला पीळ खरोखर प्रवर्तकाच्या मागील भागापर्यंत पोहोचतो आणि तेथील पदर सुटे करतो. म्हणजे जनुक चालू असेल तरच त्याच्या दाराशी गाठ बसायला जागा होते. या एका वाक्याकडे सुरुवातीच्या काळात जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिले गेले नाही, असे माझे मत आहे. गाठ बसणे हा जनुक चालू असल्याचा परिणामही असू शकतो, ही शक्यता त्यात आधीपासूनच होती.

गाठ बसली की समोरचा सायटोसिनचा पदर मोकळा राहतो, आणि तोही आपली वेगळी घडी घालू शकतो. १९९३ मध्ये प्रयोगशाळेत सापडलेली ही घडी २०१८ मध्ये एका प्रतिपिंडाच्या मदतीने मानवी पेशींच्या केंद्रकातही दिसली.

२००२ चा दावा

अ‍ॅरिझोना विद्यापीठातील लॉरेन्स हर्ली यांच्या गटाने २००२ मध्ये जो पुरावा मांडला त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात मायकचा पट्टा एका वर्तुळाकार डीएनएवर, म्हणजे प्लाझ्मिडवर, प्रकाश निर्माण करणाऱ्या एका सूचक जनुकाच्या पुढे बसवला होता. पट्ट्यातील एकच ग्वानिन बदलून तेथे अ‍ॅडेनिन ठेवला, गाठ ढिली झाली, आणि सूचक जनुकाची क्रिया तिप्पट झाली. दुसऱ्या भागात गाठीला चिकटणारे टीएमपायपी४ हे रंगद्रव्य पेशींना दिले, तेव्हा मायकचे प्रतिलेखन घटले. गाठ मोडली की जनुक वाढते आणि गाठ बांधली की घटते, हा तर्क दोन्ही बाजूंनी बंद झालेला दिसत होता, आणि त्यावर पुढचे संपूर्ण क्षेत्र उभे राहिले.

हा निष्कर्ष त्या काळात उतावीळपणाचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही त्यातील दोन कच्चे दुवे दाखवले पाहिजेत. एक, अक्षर बदलल्याने केवळ आकारच बदलत नाही, तर त्या अक्षरांवर बसणाऱ्या प्रथिनांच्या जागाही बदलतात. तिप्पट वाढीतला किती वाटा गाठीचा आणि किती बदललेल्या प्रथिन-जोडणीचा, हे या प्रयोगातून वेगळे करता येत नाही. दोन, प्लाझ्मिडवर गुणसूत्रासारखी न्यूक्लिओसोमची, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिन-गोळ्यांची, नैसर्गिक मांडणी नसते. जनुकाचे दार उघडे ठेवणे किंवा झाकणे हे काम पेशीत मुख्यतः न्यूक्लिओसोम करतात, आणि तो घटक प्रयोगात जवळजवळ नव्हताच. टीएमपायपी४ विषयी तर फार बोलण्याची गरज नाही. ते चौपदरी गाठींना चिकटते, पण साध्या दुहेरी डीएनएलाही बऱ्यापैकी चिकटते.

गाठीवर बसणाऱ्या प्रथिनांचा पुरावाही एका दिशेने जात नव्हता. न्यूक्लिओलिन हे प्रथिन गाठ पक्की करून मायक दाबते, असे २००९ मध्ये अ‍ॅरिझोनातून दाखवले गेले. त्याच वर्षी दिल्लीतील जीनोमिक्स संस्थेतील गटाने एनएम२३-एच२ हे प्रथिन त्याच गाठीशी जोडले जाते आणि मायकला चालना देते, असे मांडले. तर अ‍ॅरिझोनाच्या गटाचे म्हणणे असे पडले की हे प्रथिन गाठ सुटलेल्या एकेरी पदरावर बसते. एका गाठीचे दोन वाचन समोरासमोर उभे होते आणि तेव्हा बहुसंख्यांनी आपल्या मताशी जुळणारे वाचन उचलले.

सीए-४६ पेशींची कसोटी

या प्रकरणातला सर्वांत चतुर प्रयोग बर्किट लिम्फोमाच्या दोन पेशीवंशांवर झाला. रामोस या पेशींत मायक दुसऱ्या गुणसूत्रावर गेले तेव्हा गाठीचा पट्टाही त्याच्याबरोबर गेला. सीए-४६ पेशींत मात्र तुटण्याची जागा अशी होती की मायकचा मुख्य भाग पुढे गेला आणि पट्टा मागे राहिला. त्यामुळे सीए-४६ मध्ये दोन प्रती असतात: एक स्थलांतरित, जोरात चालणारी, पण गाठीविना, दुसरी मूळ जागेवरची, गाठीसह. पहिल्या एक्झॉनचा, म्हणजे जनुकाच्या पहिल्या खंडाचा, आरएनए फक्त मूळ प्रतीपासून बनतो, तर दुसऱ्या एक्झॉनचा आरएनए दोन्ही प्रतींपासून. म्हणजे एकाच पेशीत, एकाच औषधाखाली, गाठ असलेली आणि नसलेली प्रत वेगवेगळी मोजता येते. निसर्गाने अपघाताने तयार केलेला इतका नेमका तुलनागट क्वचितच हाती लागतो.

२०११ मध्ये एलिप्टिसिनच्या कुळातील एक संयुग या कसोटीवर उतरले. सीए-४६ मध्ये पहिल्या एक्झॉनचा आरएनए घटला, दुसऱ्याचा घटला नाही. म्हणजे औषधाचा परिणाम गाठीमार्फतच होत होता. २०१२ मध्ये क्विन्डोलिनच्या कुळातील दुसऱ्या संयुगावर तीच कसोटी लावली गेली, आणि निकाल विरुद्ध आला. तेही गाठ पक्की करत होते, मायकही घटवत होते, पण मायक घटण्याचे कारण प्रवर्तकातली गाठ नव्हते. दोन्ही अभ्यासांत हर्ली यांचा सहभाग होता, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. आपल्याच कल्पनेवर आपणच काढलेली कसोटी लावून नकारात्मक निकाल शीर्षकातच छापणे सोपे नसते. परीक्षानळीत गाठीला चिकटणे आणि पेशीत मायक घटणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी त्यांच्यात कार्यकारणभाव असेलच असे नाही, हे येथे सिद्ध झाले. त्यानंतरही कित्येक संयुगांच्या अहवालांत ही तुलना केलेलीच नसते.

औषधे कुठे पोहोचली

मायकची गाठ डोळ्यांसमोर ठेवून विकसित झालेले पहिले औषध म्हणजे क्वारफ्लॉक्सिन. फ्लुरोक्विनोलोन या प्रतिजैविकांच्या सांगाड्यावरून ते घडवले गेले आणि माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेले या वर्गातले ते पहिलेच ठरले. पेशीत गेल्यावर मात्र ते मायकजवळ न जाता केंद्रिकेत, म्हणजे रायबोसोमचा आरएनए जेथे बनतो त्या भागात, साठते असे दिसले. रायबोसोमच्या आरएनएची जनुके शेकडो प्रतींत असतात, त्यांचा एक पदर ग्वानिनने भरलेला असतो आणि त्यांचे प्रतिलेखन अखंड चालू असते. गाठी शोधणाऱ्या रेणूला तेथे अधिक लक्ष्ये मिळणार हे उघड आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ते तेथील गाठींवरून न्यूक्लिओलिनला हुसकावते आणि आरएनए पॉलिमरेज १ या तेथे प्रतिलेखन करणाऱ्या विकराचे काम थांबवते. चाचण्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे गेल्या नाहीत.

त्याचा वारस सीएक्स-५४६१, अर्थात पिडनारुलेक्स, आधी पॉलिमरेज १ रोखणारे औषध म्हणूनच पुढे आला. २०१७ मध्ये त्याची वेगळी बाजू समोर आली: ते गाठी पक्क्या करते, त्या गाठींवर डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा अडते, तेथे डीएनए तुटतो, आणि ज्या पेशींत डीएनए-दुरुस्तीचे बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ हे जनुक निकामी आहे त्यांना ही तूट दुरुस्त करता येत नाही. निरोगी पेशी तरतात, दुरुस्ती गमावलेल्या कर्कपेशी मरतात. हा उपयोग गाठीचाच आहे, पण त्यात जनुकाची अभिव्यक्ती दाबण्याचा प्रश्नच नाही. कॅनडात झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ४० रुग्ण होते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार प्रतिसादाचे प्रमाण १४ टक्के होते, ते मुख्यतः दुरुस्ती यंत्रणेत दोष असलेल्या रुग्णांत दिसले, आणि मात्रेनुसार वाढणारी प्रकाशसंवेदनशीलता हा ठळक दुष्परिणाम ठरला. काही रुग्णांत बीआरसीए२ किंवा पीएएलबी२ या दुरुस्तीच्या जनुकांमधील बिघाड पुन्हा दुरुस्त करणारे उत्परिवर्तन होऊन कर्कपेशी निसटत असल्याचेही आढळले.

या औषधाच्या यंत्रणेवरही वाद मिटलेला नाही. २०२० मधील एका अभ्यासाने त्याची मुख्य मारकशक्ती टोपोआयसोमरेज २ या विकराला डीएनएवर अडकवून ठेवण्यात आहे असे मांडले, आणि २०२४ मध्ये ते संवर्धित मानवी पेशींत तीव्र उत्परिवर्तने घडवते असे दाखवले गेले. कर्करोगाच्या औषधांपैकी अनेक औषधे डीएनएला इजा करतात, त्यामुळे एवढ्यावरून ते बाद होत नाही. पण ‘आकार ओळखणारे म्हणून सौम्य’ ही जी प्रतिमा या वर्गाभोवती होती, ती आता तशीच ठेवता येणार नाही.

गाठ जागेवर, पेशीच्या आत

दरम्यान केंब्रिज येथील शंकर बालसुब्रमणियन यांच्या गटाने प्रश्न वेगळ्या टोकाने धरला होता. २०१३ मध्ये त्यांनी गाठ ओळखणाऱ्या बीजी४ या प्रतिपिंडाने मानवी पेशींत या रचना रंगवून दाखवल्या. २०१५ मध्ये, पेशीतून वेगळ्या केलेल्या मानवी डीएनएत गाठ बसू शकेल अशी ७ लाखांहून अधिक ठिकाणे त्यांनी मोजली. पेशीच्या आत मात्र चित्र वेगळे निघाले: २०१६ च्या मोजणीत, अमर झालेल्या त्वचापेशींच्या वंशात सुमारे १०,०००, तर सामान्य त्वचापेशींत केवळ सुमारे १,००० ठिकाणी गाठी सापडल्या. त्या मुख्यतः न्यूक्लिओसोम नसलेल्या नियामक भागांत होत्या, आणि ज्या जनुकांच्या दाराशी त्या होत्या ती जनुके बहुधा जोरात चालू होती. मायक हे त्यांपैकी एक. गाठ जर कुलूप असेल, तर ती उघड्या दारांवरच का सापडावी?

२०२४ मध्ये याच गटाने हा प्रश्न थेट सोडवला. त्यांनी प्लाझ्मिड वापरले नाही आणि औषधही वापरले नाही. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने पेशीतल्या मूळ मायकच्या पट्ट्यातच बदल करून गाठ बसूच दिली नाही. पी१ पासूनचे प्रतिलेखन वाढले नाही, घटले. गाठ गेलेल्या जागी एक नवा न्यूक्लिओसोम येऊन बसला आणि पॉलिमरेजची ये-जा बदलली. मग त्यांनी त्या जागी केरास या दुसऱ्या कर्कजनुकाची गाठ बसवली. तिची अक्षरे वेगळी, आकार मात्र चौपदरी. मायक पुन्हा चालू झाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे आपण दुराग्रही माणसाविषयी म्हणतो. येथे सुंभ पूर्ण बदलला, पीळ राखला, आणि जनुकाने पिळालाच ओळख दिली. प्रतिलेखन घटक, म्हणजे जनुकांचे प्रतिलेखन नियंत्रित करणारी प्रथिने, आणि न्यूक्लिओसोममधील हिस्टोन प्रथिनांत बदल करणारी प्रथिने अक्षरांकडे न पाहता आकाराकडे पाहून तेथे येतात, असा या गटाचा निष्कर्ष आहे.

२००२ च्या निष्कर्षाशी याचा मेळ कसा घालावा? मला पटणारी मांडणी अशी आहे की गाठ ही स्वतः चालू किंवा बंद असे काही करत नाही. ती प्रथिनांना उतरण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा आहे, आणि न्यूक्लिओसोमला बाहेर ठेवणे हे तिचे मोठे काम आहे. ज्या प्लाझ्मिडवर न्यूक्लिओसोमची खरी मांडणीच नाही, तेथे हे काम दिसणार नव्हते. औषधाने मायक घटण्याचे कारणही मग वेगळे लागते: गाठीच्या सपाट पृष्ठभागावर औषधाचा रेणू बसला की तेथे उतरणाऱ्या प्रथिनांना जागा उरत नाही. गाठ पक्की झाल्यामुळे जनुक बंद पडत नाही, गाठ व्यापली गेल्यामुळे पडते. हा फरक शब्दांचा नाही. पहिली मांडणी खरी असेल तर औषध निवडताना गाठीचे वितळण्याचे, म्हणजे ती उकलते ते, तापमान किती वाढले हे मोजणे पुरते, आणि आजवर बहुधा तेच मोजले गेले. दुसरी खरी असेल तर मायकच्या गाठीवरून कोणते प्रथिन हटले हे मोजावे लागेल, आणि गाठ फारशी पक्की न करणारा पण प्रथिने नेमकी हटवणारा रेणू अधिक उपयोगी ठरू शकेल.

पुढील संयुगांसाठी कसोटी

निवडकतेची अडचण दोन्ही मांडणींत कायम राहते. समांतर बाजूंच्या, आखूड वळशांच्या गाठी अनेक प्रवर्तकांत आहेत आणि त्यांचे वरचे-खालचे पृष्ठभाग एकमेकांसारखे दिसतात. वेगळेपण मुख्यतः वळशांत आणि गाठीच्या दोन्ही टोकांना जोडलेल्या अक्षरांत असते. म्हणून ‘मायकची गाठ लक्ष्य करणारे’ असे म्हणवणाऱ्या प्रत्येक संयुगाला यापुढे निदान दोन तुलनांतून जावे लागेल: सीए-४६ मधली एक्झॉननिहाय मोजणी, आणि मूळ जागीच गाठ काढलेल्या किंवा बदललेल्या पेशींवरील चाचणी. गाठ नसलेल्या मायकच्या पेशींवरही संयुगाचा परिणाम तितकाच झाला, तर ते औषध म्हणून निरुपयोगी ठरत नाही. पण मग त्याच्या कागदपत्रांत मायक हे लक्ष्य लिहिता येणार नाही, आणि चाचणीसाठी रुग्णांची निवड ट्यूमरमधल्या मायकच्या पातळीवरून न करता, पिडनारुलेक्सच्या चाचणीत दिसले त्याप्रमाणे, ट्यूमरमधल्या डीएनए-दुरुस्तीच्या दोषावरून करावी लागेल.